'ओव्हरलॉर्ड' : बदललेला देह आणि न बदललेली उतरंड

मागच्या पावसाळ्यात वसतिगृहातला एक विद्यार्थी मोबाइल घेऊन माझ्या खोलीवर आला. अवतारकल्पनेवर मी वर्गात बोललो होतो, आणि त्यातले काहीतरी त्याच्या मनात अडकून राहिले होते. "सर, तुमचे अवतार जुने झाले. हा नवा अवतार बघा. हा आपला माणूस आहे," तो म्हणाला. पडद्यावर भरजरी झग्यातला एक सापळा सिंहासनावर बसलेला होता. डोळ्यांच्या खाचांत लाल ठिणग्या. "हा आपला कसा?" मी विचारले. "खेळात याला त्याच्या देहावरून मारायचे, सर. मग याने सगळ्यांना दाखवून दिले."

या एका वाक्यासाठी मी 'ओव्हरलॉर्ड' ही जपानी ॲनिमे-मालिका पाहिली. चार पर्वे, ५२ भाग. प्रस्थापित समीक्षेला असल्या गोष्टी पोरखेळ वाटतात. ज्या गोष्टी आपली पोरे रात्र रात्र जागून पाहतात, ज्यांतून बळ म्हणजे काय, सूड म्हणजे काय, मोठेपणा म्हणजे काय याच्या कल्पना त्यांच्या मनात घर करतात, त्यांना पोरखेळ म्हणून बाजूस सारण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. शिवाय त्या विद्यार्थ्याचे म्हणणे अर्धे खरे होते. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब या लेखात मांडावयाचा आहे.

प्रथम कथा. कुगाने मारुयामा या टोपणनावाच्या लेखकाने २०१० साली ही कादंबरी इंटरनेटवर लिहावयास घेतली. २०१२ पासून ती पुस्तकरूपाने येऊ लागली. मॅडहाउस या संस्थेने तिची ॲनिमे केली. पहिले पर्व २०१५ साली आले, दुसरे व तिसरे २०१८ साली, चौथे २०२२ साली. कथेचा आरंभ २१३८ सालात होतो. 'यग्द्रासिल' नावाचा एक प्रचंड संगणकी खेळ बारा वर्षे चालून आज मध्यरात्री कायमचा बंद पडणार आहे. त्यात मोमोंगा नावाचा एक मांत्रिक आहे. त्याचा देह नुसत्या हाडांचा. त्याच्यामागचा खरा माणूस म्हणजे सुझुकी सातोरू, एक साधा नोकरदार. त्याला बायको नाही, घरचे कोणी नाही, खेळाबाहेर मित्र नाही. उद्या पहाटे चार वाजता उठून कामावर जायचे, एवढेच त्याचे उद्या. त्या शेवटच्या रात्री एक जुना सोबती भेटून जातो, तो कामाच्या ओझ्याने इतका थकलेला असतो की झोपेमुळे त्याला धड बोलवत नाही. तो गेल्यावर सुझुकी एकटाच सिंहासनावर बसून घड्याळाचे काटे मोजतो. बारा वाजतात, आणि खेळ संपत नाही. तो त्या हाडांच्या देहात, त्या थडग्याच्या महालासकट, एका अनोळखी पण जिवंत जगात कायमचा अडकतो. महालातील यांत्रिक चाकरपात्रे बोलू लागतात, श्वास घेऊ लागतात आणि त्याच्यापुढे गुडघे टेकतात.

आता विद्यार्थ्याचे खरे असलेले अर्धे वाक्य पाहू. त्या खेळात तीन प्रकारचे वंश होते. माणसे आणि माणसांजवळचे एक, अर्धमानव दुसरे, आणि सापळे, राक्षस, गाळाचे गोळे असे तिसरे. या तिसऱ्यांस मूळ जपानीत 'इग्योशू' म्हटले आहे. म्हणजे विपरीत आकाराची जात. त्यांची शिकार करणे हा इतर खेळाडूंचा शिरस्ता होता. मोमोंगाही असाच मारला जात होता. तो खेळ सोडण्याच्या बेतात असताना टच मी नावाच्या योद्ध्याने त्याला वाचवले. कारण विचारले तेव्हा, अडचणीत असलेल्याला मदत करणे ही साधी गोष्ट आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. त्यातून मारल्या जाणाऱ्यांची एक संघटना उभी राहिली : 'आइन्झ ऊल गाऊन'. सभासदत्वाच्या अटी दोन. देह विपरीत वंशाचा हवा, आणि खेळाबाहेर माणूस कामधंदा करणारा हवा. बहिष्कृतांचा आणि कामकऱ्यांचा संघ! ४१ जणांचा हा संघ इतका बलाढ्य झाला की १,५०० जणांनी केलेली चढाई त्याने परतवून लावली.

हे वाचून ज्याचे रक्त सळसळत नाही त्याने अपमान भोगलेला नाही, असेच मी म्हणेन. देहावरून हिणवले जाणे, वस्तीच्या नावावरून ओळखले जाणे, आणि एके दिवशी आपणही एकत्र येऊन उभे राहणे, ही आपली गोष्ट आहे. ती जपानचीही गोष्ट आहे. तेथे 'एता' आणि 'हिनिन' अशा बहिष्कृत जाती होत्या. हिनिन या शब्दाचा अर्थच 'माणूस नसलेले'. कातडी कमावणे, मेलेली जनावरे उचलणे ही त्यांची ठरवून दिलेली कामे. १८७१ च्या सरकारी आज्ञेने हे भेद कायद्यातून गेले, पण मनातून गेले नाहीत. १९७५ साली असे उघडकीस आले की या लोकांच्या वस्त्यांचे पत्ते असलेल्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात आहेत. नोकरी देताना उमेदवार कोणत्या वस्तीतला हे त्या यादीत पाहून घेता येत असे. याच लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन केली होती. सुइहेइ म्हणजे पाण्याच्या पातळीसारखे सपाट. पाण्याला उतरंड नसते, म्हणून समाज पाण्यासारखा हवा! महाडच्या चवदार तळ्याची आठवण असणाऱ्या आपल्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

मारुयामाने आपली कथा या लोकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली, असा माझा दावा नाही. परंतु ज्या समाजात 'माणूस नसलेले' हा एक जातिवाचक शब्द होता, त्या समाजाच्या भाषेत 'विपरीत आकाराची जात' हा शब्द कोरा राहू शकत नाही. लेखकाच्या मनात काय होते हा प्रश्न दुय्यम आहे. त्या संघटनेचे पुढे काय झाले हा खरा प्रश्न आहे.

काय झाले? सभासद एकेक करून निघून गेले. कोणाला नोकरी, कोणाला संसार, कोणाला कंटाळा. मोमोंगा मात्र रोज यायचा, महाल चालू ठेवण्यापुरते द्रव्य एकट्याने मिळवून खजिन्यात भरायचा आणि परत जायचा. सोबत्यांच्या वस्तूंना त्याने हात लावला नाही. दालनात ४१ झेंडे लटकत राहिले आणि त्यांखाली कोणी नाही. 'नाझारिकचे महाथडगे' हे त्या महालाचे नावच आहे. चळवळीत ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली त्यांना हे दालन पाहून गलबलून येईल. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, १९७२ साली पँथर उभी राहिली, १९७४ साली फुटली. पुढे किती गट झाले याची मोजदाद येथे करावयास नको. तालुक्याच्या गावी एखादे कार्यालय असते, भिंतीवर तसबिरी असतात, आणि एक म्हातारा कार्यकर्ता रोज संध्याकाळी कुलूप उघडून दिवा लावतो. त्याच्या निष्ठेबद्दल आदर बाळगूनही विचारावे लागते, की जपले जाते आहे ते कार्य, की कार्याचे थडगे?

मग तो एक विलक्षण गोष्ट करतो. नव्या जगात तो स्वतःचे नाव टाकतो आणि संघटनेचे नाव स्वतःला घेतो. यापुढे तोच आइन्झ ऊल गाऊन. त्यामागे एक आर्त इच्छा आहे. या जगात कोठे जुने सोबती असतील तर हे नाव ऐकून ते येतील. मालिकेतील सर्वांत करुण जागा हीच. पण तिचा परिणाम करुण नाही. ४१ जणांचे नाव एकाचे झाले. संघटना म्हणजे तो, आणि तो म्हणजे संघटना. कोणाला विचारावे असे कोणी उरले नाही. येथून पुढे राज्य सुरू होते.

त्या राज्याची घडण न्याहाळण्याजोगी आहे. महालातील प्रत्येक चाकराचा स्वभाव त्याच्या कर्त्याने लिहून ठेवलेला आहे. खेळ चालू होता तेव्हा ती नुसती टिपणे होती. आता त्या टिपणांतले प्रत्येक अक्षर खरे झाले आहे. आल्बेडो ही चाकरांची प्रमुख. शेवटच्या रात्री मोमोंगाने तिचे टिपण उघडले, त्यातले तिला चवचाल ठरवणारे एक वाक्य खोडले आणि गंमत म्हणून त्या जागी, तिचे मोमोंगावर प्रेम आहे, असे लिहिले. बारा वाजून गेले आणि ती खरोखरच त्याच्यावर जीव टाकू लागली. एका माणसाने एका बाईचे मन एका ओळीत लिहून टाकले! तो पुढे याबद्दल खंतावतो, पण ओळ तशीच राहते. चाकर आपल्या कर्त्यांना 'परमश्रेष्ठ' मानतात, आणि त्यांची सेवा हेच आपल्या अस्तित्वाचे प्रयोजन समजतात. कोणी तरी पोथीत लिहिले की अमक्याचा धर्म सेवा, आणि तो त्याचा स्वभाव झाला. हे यंत्र आपल्या परिचयाचे आहे. फरक एवढाच की आपल्याकडे ती ओळ हजारो वर्षे काठीच्या धाकाने पाठ करून घ्यावी लागली. नाझारिकमध्ये ती आपोआप रक्तात उतरते. हुकूमशहाचे आणि पुरोहिताचे स्वप्न याहून वेगळे काय असते?

या चाकरांत सेबास नावाचा एक वृद्ध सेवक आहे. राजधानीतल्या एका गल्लीत, चोरून चालवलेल्या कुंटणखान्यातून मरण्यासाठी पोत्यात बांधून फेकलेली एक मुलगी त्याला सापडते. तिचे नाव त्सुआरे. तो तिला उचलून घरी आणतो. मला क्षणभर वाटले, येथे पोथी फाटली. चाकर माणूस झाला. परंतु सेबासचा कर्ता तोच टच मी, पूर्वी मोमोंगाला वाचवणारा. म्हणजे सेबासचा चांगुलपणाही जन्माने आलेला! आणि धन्याने निष्ठेची परीक्षा म्हणून त्या मुलीला मारण्याची आज्ञा केली तेव्हा त्या दयाळू म्हाताऱ्याची मूठ तिच्यावर पडली. दुसऱ्या एका चाकराने ती अडवली म्हणून ती वाचली. पुढे तिला आश्रय मिळाला तोही एका हिशेबाने. तिच्या मेलेल्या भावंडाच्या रोजनिशीतून आइन्झला या जगाची माहिती मिळाली होती. त्या ऋणाची फेड म्हणून. ती माणूस आहे, हे कारण कोणालाही पुरेसे वाटले नाही. मालिका हे सारे लपवत नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती त्यावर थांबतही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुझुकी हा दुष्ट माणूस नव्हता. मग त्याच्या हातून एवढी हत्या कशी होते? मालिकेचे उत्तर : देहामुळे. सापळ्याच्या देहात भावना ठराविक रेषेवर गेली की आपोआप दाबली जाते. सुरुवातीलाच तो दूरदर्शक आरशातून कार्ने गावातली कत्तल पाहतो. शेतकरी कापले जात आहेत आणि त्याला काहीही वाटत नाही. किडे मरताना पाहावे तसे. तो पाठ फिरवण्याच्या बेतात असतो. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या सेबासमध्ये त्याला टच मीची छाया दिसते, जुने शब्द आठवतात, आणि तो त्या गावाला वाचवायला जातो. मेलेल्यांना हृदय नसते, म्हणून तो बदलला, असे आपल्याला सांगितले जाते.

हे उत्तर मला मान्य नाही, आणि ते खोटे असल्याचा पुरावा मालिकेतच आहे. तिसऱ्या पर्वात काही भाडोत्री लढवय्यांना थडग्यात खजिना असल्याचे आमिष दाखवून आत ओढले जाते. त्यांत आर्शे नावाची एक मुलगी आहे. उधळ्या आईबापांचे कर्ज फेडून दोन लहान बहिणींना घेऊन निघून जावे, एवढ्यासाठी ती हे काम पत्करते. आत सापडल्यावर त्यांचा म्होरक्या जीव वाचवण्यासाठी थाप मारतो, की आम्हांला तुमच्या सोबत्यांची परवानगी होती. क्षणभर आइन्झला आशा वाटते. थाप आहे हे कळताच तो संतापाने असा उसळतो की त्या देहाचे दाबयंत्रही अपुरे पडते. म्हणजे हृदय शाबूत आहे! सोबत्यांच्या नावासाठी ते पेटते. आर्शेसाठी पेटत नाही. तिच्या वाट्याला, वेदना न देता मारा, एवढीच दया येते.

तेव्हा दोष हाडांचा नव्हे, जागेचा आहे. 'आपला' आणि 'परका' यांची रेघ त्याने कोठे ओढली याचा आहे. सवर्ण घरातला प्रेमळ बाप घरी मुलाला ताप आला तर रात्र जागतो आणि दाराशी आलेल्या महाराच्या पोराला वरून पाणी ओततो. त्याला हृदय नसते काय? असते. ते कोणासाठी उघडायचे हे उतरंडीने ठरवून दिलेले असते. बाबासाहेबांनी प्रतवारीच्या विषमतेचे हेच मर्म सांगितले. या व्यवस्थेत प्रत्येक जण वरच्याची लाथ सोसतो आणि खालच्याला लाथ मारण्याचे सुख मिळवतो, म्हणून ती टिकते. विपरीत जातीच्या संघटनेने शिकार होणे थांबवले, पण शिकारीचा नियम रद्द केला नाही. फक्त शिकारी बदलला. नाझारिकमध्ये 'माणूस' हीच आता शिवी आहे. सर्वांत खालचे मडके सर्वांत वर गेले, आणि उतरंड जशीच्या तशी.

याचा कळस तिसऱ्या पर्वाच्या शेवटी काट्झेच्या मैदानावर होतो. एका मंत्रात ७०,००० सैनिक जागच्या जागी मरतात. त्यांतले बहुतेक नांगर सोडून सक्तीने आणलेले शेतकरी आहेत. मग त्या प्रेतांतून उपजलेली राक्षसी जनावरे उरलेल्यांना तुडवीत सुटतात. आणि आइन्झ आपल्याच बाजूच्या, थिजून उभ्या असलेल्या सैन्याला टाळ्या वाजवावयास फर्मावतो. ते भयाने टाळ्या वाजवतात. मित्रहो, ही आज्ञा त्या सैन्यापुरतीच नाही. ती पडद्यासमोर बसलेल्या आपल्या पोरांनाही आहे. आपण टाळी वाजवावयाची काय?

या कृतीचे एक मोठे गुणविशेष नोंदवले नाही तर अन्याय होईल. सापळ्याच्या आतला नोकरदार संपलेला नाही. तो घाबरतो, एकांतात रुबाबदार हातवारे घोकतो, चाकरांपुढे काय बोलावे या काळजीत असतो. त्याला राज्यशास्त्र कळत नाही. एकदा तो आकाशाकडे पाहून सहज बोलून जातो की जग जिंकले तर मजा येईल. डेमिअर्ज नावाचा हुशार चाकर ती आज्ञा मानतो, आणि खरोखरच जग जिंकण्याची यंत्रणा उभी राहते. धनी मुका राहिला तर चाकर त्यात गूढ अर्थ शोधतात, चुकला तर ती दूरदृष्टी ठरते. या प्रसंगांत मालिका हसवते, आणि हसवता हसवता देव कसा तयार होतो ते दाखवते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मातली भक्ती कदाचित मोक्षाकडे नेईल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. त्या इशाऱ्याचे इतके चोख उदाहरण एखाद्या मनोरंजनाच्या मालिकेत मिळेल, असे मला वाटले नव्हते. दुर्दैव असे की ज्यावर हसावे त्याच सिंहासनावर ती पुढच्या भागात प्रेक्षकाला नेऊन बसवते.

शेवटी त्या शब्दाविषयी. संगणकी खेळांत खेळाडूच्या बाहुल्याला 'अवतार' म्हणतात. १९८५ सालच्या 'अल्टिमा' मालिकेतल्या चौथ्या खेळातही तो शब्द वापरलेला आहे. शब्द आपल्याकडचा, कल्पनाही आपल्याकडची : वरचा कोणी तरी खाली उतरतो, देह घेतो, संहार करतो, आणि खालच्यांनी हात जोडावयाचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी प्रतिज्ञा घेतल्या त्यांत ईश्वराने अवतार घेतल्याच्या समजुतीला, आणि बुद्ध विष्णूचा अवतार असल्याच्या प्रचाराला, स्पष्ट नकार होता. त्या दिवशी कोणाचा देह बदलला नाही. तेच काळे हात, त्याच भेगाळलेल्या टाचा, संध्याकाळी परतायचे ते त्याच वस्तीत. कोणाच्या अंगी मंत्र आला नाही. तरीही जे बदलले ते पुन्हा जुन्या जागी गेले नाही, कारण माणसाने माणसाशी कसे वागावे याचा नियमच तेथे बदलला होता. सुझुकीचा देह बदलला, नाव बदलले, जग बदलले. तो एक नियम बदलला नाही.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हणालो, की टच मीने ज्याला वाचवले तो मोमोंगा आपला. टाळ्या वाजवा म्हणणारा आइन्झ आपला नव्हे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण सर, टच मी तर निघून गेला ना." या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. चळवळीतून निघून गेलेल्यांनी आणि कुलूप सांभाळत मागे राहिलेल्यांनी, दोघांनीही, ते द्यावयाचे आहे.